बागेचा कंत्राटदार आणि आपले गुडघे

साठी ओलांडलेल्या माणसाच्या हाती डॉक्टर औषधांची चिठ्ठी देतात, तेव्हा तिच्या तळाशी बहुधा एक बिनपैशाचे औषधही सांगितलेले असते : रोज अर्धा तास चालावे. कोठे चालावे, हे मात्र चिठ्ठीत नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व स्नायूंना बळ देणारे व्यायामही करावेत. सूचना योग्यच आहे. परंतु त्याच संघटनेची दुसरी आकडेवारी सांगते की, जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. चालणे हे औषध आणि पडणे हा अपघात, या दोहोंच्या मध्ये असते ती पायाखालची वाट.

शहापूर, जवाहरनगर, भंडारा या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. नागपूरहून भंडाऱ्याकडे येणारा राष्ट्रीय महामार्ग येथून जातो. पहाटेच्या अंधारात त्याच्या कडेने चालणे म्हणजे मालमोटारींच्या झोताशी आणि धुळीशी झुंज. तलावाची पाळ हा या तलावांच्या जिल्ह्यातला जुना आणि रमणीय फिरण्याचा मार्ग. पण पावसाळ्यात तीच पाळ शेवाळून निसरडी होते, आणि गवतात काय दडले असेल याचा भरवसा नसतो. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास खेळू लागला की सकाळी आठनंतर उघड्यावर थांबणेच नको. म्हणून सावली, सपाट वाट, टेकायला बाक आणि जवळ प्रसाधनगृह एवढे असलेले लहानसे उद्यान ही वृद्धांसाठी चैन नव्हे. ती आरोग्याची सोय आहे, दवाखान्याच्या ओसरीसारखी.

असे उद्यान उभे राहते तेव्हा कोनशिला बसते, फीत कापली जाते, छायाचित्रे निघतात. त्यानंतर ते ज्याच्या हाती जाते, त्याचे नाव मात्र कोनशिलेवर नसते. तो असतो देखभालीचा कंत्राटदार. पूर्वी नगरपालिकांच्या आस्थापनेवर माळी असत. झाडाचे नाव आणि फिरायला येणाऱ्याचे नाव दोन्ही त्यांना ठाऊक असे. ती पदे निवृत्तीगणिक रिकामी होत गेली आणि त्यांची जागा वार्षिक निविदेने घेतली. हे बरे झाले की वाईट, हा वाद आता फारसा उपयोगाचा नाही. निविदा आहे, तर तिच्यात काय लिहिलेले असावे, हे जिच्यावर आपण रोज चालतो त्या वाटेच्या दृष्टीने पाहणे अधिक हिताचे.

बाग कोणाची, हे आधी ठरवावे

राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांसाठी १८ विषय दिले आहेत. उद्याने, बागा, क्रीडांगणे यांसारख्या सोयी पुरविणे हा त्यांतला एक. म्हणजे नागपुरात महानगरपालिका, भंडारा शहरात नगरपरिषद. आणि शहापूरसारख्या गावी १९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाखाली चालणारी ग्रामपंचायत. काही बागा मात्र या तिघांपैकी कोणाच्याच नसतात. वसाहतीची मोकळी जागा, कारखान्याच्या वसाहतीतील बाग, एखाद्या विभागाने बांधून दिलेले आणि कोणी ताब्यात न घेतलेले उद्यान, असे प्रकार गावोगावी आहेत. तक्रार करण्याआधी मालक कोण हे विचारून घ्यावे. नाहीतर अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो आणि अर्जदाराचे गुडघे मात्र दुखतात.

बाग कंत्राटदाराला दिली म्हणून संस्थेची जबाबदारी संपते, असा एक सोयीचा गैरसमज कार्यालयांतून आढळतो. तो किती महाग पडतो, हे मुंबईत मार्च २०२४ मध्ये दिसले. वडाळ्याच्या महर्षी कर्वे उद्यानात पाण्याच्या टाकीत पडून चार-पाच वर्षांच्या दोन सख्ख्या भावांचा मृत्यू झाला. टाकीच्या तोंडावर भक्कम झाकण नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेच्या दायित्वाचा प्रश्न ऐरणीवर आणला. नातवंडांना बागेत नेणारे बहुधा आजी-आजोबाच असतात. म्हणून हा प्रसंग येथे मुद्दाम सांगितला. घसरगुंडीच्या मागे, झुडपांच्या आडोशाला, पंपाच्या खोलीजवळ भूमिगत टाकी असते; तिचे झाकण लोखंडी आहे का, ते कुलूपबंद आहे का, त्यावर माणूस उभा राहू शकेल का, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठेवावे. देखभालीच्या करारात रोजच्या तपासणीच्या यादीतील पहिली ओळ हीच असली पाहिजे.

निविदेत काय मागतात

देखभालीची निविदा साधारणतः दोन लिफाफ्यांत येते. पहिला तांत्रिक, दुसरा दराचा. पहिल्या लिफाफ्यात कंत्राटदार पात्र आहे की नाही हे ठरते आणि पात्र ठरलेल्यांचेच दर उघडले जातात. कागद परिचित असतात : पॅन, वस्तू व सेवा कराची नोंदणी, आयकर विवरणपत्रे, बयाणा रक्कम, भविष्य निर्वाह निधी व कर्मचारी राज्य विमा यांचे क्रमांक, काळ्या यादीत नसल्याचे शपथपत्र, आणि पूर्वी केलेल्या कामांचे दाखले. काम मिळाल्यावर सुरक्षा अनामत भरावी लागते. काम बिघडले तर ती जप्त होऊ शकते.

अनुभवाची अट कशी असावी, याचा एक नमुना केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ मध्ये घालून दिला. गेल्या सात वर्षांत त्याच प्रकारची तीन कामे, प्रत्येकी अंदाजित खर्चाच्या ४० टक्के मूल्याची. किंवा दोन कामे प्रत्येकी ५० टक्क्यांची. किंवा एकच काम ८० टक्क्यांचे. शिवाय गेल्या तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित खर्चाच्या किमान ३० टक्के. आकड्यांपेक्षा त्यातला ‘त्याच प्रकारची’ हा शब्द महत्त्वाचा. गटार बांधणाऱ्याने बाग सांभाळू नये असे कोणी म्हणत नाही, पण गटार बांधल्याचा दाखला हा बाग सांभाळल्याचा दाखला नव्हे. बागेत जिवंत वस्तू असतात. त्या आठ दिवसांच्या दुर्लक्षाने मरतात आणि देयकात त्यांचा मृत्यू दिसत नाही.

दुसऱ्या बाजूने, अटी इतक्याही जड नसाव्यात की गावातला माणूस दारातच अडावा. लहान उद्यानासाठी मोठ्या उलाढालीची अट घातली की काम दूरच्या ठेकेदाराला जाते आणि तो पुन्हा पोटकंत्राट देतो. मजूर सहकारी संस्था, महिला बचत गट यांना अशी कामे देता येतात का, हे ग्रामपंचायतीने आवर्जून पडताळावे. ज्या बाईची सासू त्या बागेत बसते, ती बाई बागेचे बाक पुसताना हात आखडणार नाही, इतका विश्वास ठेवायला हरकत नसावी.

सर्वांत कमी दराची किंमत

येथे थोडा हिशेब करू. वाचकांपैकी अनेकांनी आयुष्यभर हिशेब केला आहे, त्यांना तो कंटाळवाणा वाटणार नाही.

समजा, एका उद्यानासाठी दोन माळी व एक रखवालदार लागतो. समजा, किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, विमा, साप्ताहिक सुटीचा बदली माणूस हे सर्व धरून प्रत्येकामागे महिन्याला १५ हजार रुपये खर्च येतो. तिघांचे ४५ हजार, वर्षाचे ५ लाख ४० हजार. खत, नळी, कात्री, गवत कापण्याचे यंत्र, पंपाची दुरुस्ती, कंत्राटदाराचा नफा हे सारे वेगळे. आता कोणी हे काम ४ लाखांत करतो म्हणाला आणि ‘सर्वांत कमी दर’ म्हणून ते त्याला मिळाले, तर त्याने काय केले असेल? एकतर तिघांऐवजी दोघे ठेवले असतील. नाहीतर तिघांना कायद्याहून कमी पगार दिला असेल. तिसरा मार्ग अंकगणितात नाही. कागदावरचा तिसरा माणूस म्हणजे संध्याकाळी फाटकावर नसलेला रखवालदार, न कापलेले गवत, न घासलेली शेवाळलेली फरशी. आपण तिच्यावरून घसरतो तेव्हा दोष पावसाला देतो.

म्हणूनच फार खाली उतरलेल्या दराचे पृथक्करण मागणे आणि अतिरिक्त सुरक्षा अनामत घेणे, ही संस्थेची केवळ आर्थिक दक्षता नाही. माणसे किती, कोणत्या वेळी, कोणत्या वेतनाने, हे करारात लिहून घेतले नाही तर पुढची प्रत्येक अट पोकळ ठरते.

मजुरांच्या बाबतीत कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने असे ठरवले की, कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याचे दायित्व मूळ मालकावर, म्हणजे येथे नगरपरिषदेवर वा ग्रामपंचायतीवर येते. वेतनवाटपाच्या वेळी मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर असावा, असेही त्यात सांगितले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तरी वेतनाचे अंतिम दायित्व मूळ मालकाकडेच राहते. दहा वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला राज्य विमा, वीस वा अधिक असल्यास भविष्य निर्वाह निधी लागू होतो. बागेत दोनच माणसे असली तरी कंत्राटदाराकडे एकूण किती आहेत, हे पाहिले जाते. हा सारा तपशील आरोग्याच्या पाक्षिकात कशाला, असे कोणी विचारील. ज्याला तीन महिने पगार नाही तो माळी मे महिन्यात झाडाला पाणी घालायला येत नाही, आणि ते झाड गेले की आपल्या बाकावरची सावली जाते.

वाट, बाक आणि फाटक

निविदेत ‘उद्यान स्वच्छ व सुस्थितीत ठेवणे’ एवढे एकच वाक्य असले की काहीच ठेवले जात नाही. सुस्थिती म्हणजे काय, हे मोजता येईल अशा शब्दांत हवे.

वाटेपासून सुरुवात करू. झाडांच्या मुळांनी उचललेली एखादी सिमेंटची वीट दिसायला क्षुल्लक असते. पण पाय पुरेसा उचलला न जाणाऱ्या, मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झालेल्या, किंवा दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खाली पाहणाऱ्या माणसाला ती खुब्याच्या हाडापर्यंत नेते. उचललेली वा निखळलेली वीट किती दिवसांत बसवायची, याचा अवधी करारात असावा. दोन दिवस पुरेसे आहेत. पावसाळ्यात वाट आठवड्यातून किमान एकदा ताठ ब्रशने घासून शेवाळ काढावे. गुळगुळीत, चकचकीत फरशी मुळातच बसवू नये. ती उद्घाटनाच्या दिवशी छान दिसते, श्रावणात नाही.

पाणी देण्याची वेळ हा फारसा कोणाच्या ध्यानात न येणारा मुद्दा. माळी पहाटे पाच-साडेपाचला नळी सोडतो, नळी वाटेवर आडवी पडते आणि सहा वाजता वृद्ध मंडळी येतात तेव्हा अर्धी वाट ओली असते. माळ्याचे काही चुकलेले नसते. उन्हाळ्यात पाणी पहाटेच द्यावे. पण वाटेच्या कडेचे वाफे आदल्या संध्याकाळी भिजवावेत, सकाळच्या फिरण्याच्या वेळी नळी वाट ओलांडून नेऊ नये, एवढे करारात एका ओळीत लिहिता येते. त्यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही.

बाकांबद्दल तर बोलावे तेवढे थोडे. सिमेंटच्या पाठीवर देणगीदाराचे नाव कोरलेले असते, पण हात टेकायला दांडी नसते. गुडघे झिजलेल्या माणसाला बसणे सोपे, उठणे कठीण. उठताना तो हातांवर भार देतो. दांडी नसली तर शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागतो, किंवा तो बसतच नाही आणि लवकर घरी परततो. बैठकीची उंची साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर असावी, पाठ असावी, दोन्ही बाजूंना दांड्या असाव्यात आणि दर ठराविक अंतरावर सावलीत एक बाक असावा. नवे बाक येतील तेव्हा हे सांगावेच, पण जुन्या बाकांना लोखंडी दांडी बसवून घेणे हे देखभालीच्या रकमेतही बसू शकते.

फाटकाची गोष्ट काळजीवाहकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. दुचाकी आत येऊ नये म्हणून पुष्कळ बागांना चक्री फाटक किंवा नागमोडी लोखंडी अडसर लावतात. हेतू चांगला, परंतु त्यातून चाकाची खुर्चीही जात नाही आणि चौपायी काठी घेऊन चालणाऱ्यालाही अडचण होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येतील अशा करणे बंधनकारक केले आहे. खुर्चीसाठी किमान ९० सेंटिमीटरची मोकळी वाट हवी आणि उतरंड एकास बाराहून अधिक तीव्र नसावी. म्हणजे एक फूट चढायचे असेल तर उतरंडीची लांबी बारा फूट. दारासमोर दोन फुटांत ओतलेला सिमेंटचा ढिगारा म्हणजे उतरंड नव्हे. त्यावर खुर्ची मागे उलटते. मोठ्या फाटकाची किल्ली रखवालदाराकडे असते आणि रखवालदार जेवायला गेलेला असतो, असेही होते. किल्ली कोठे मिळेल हे फाटकावरच लिहून ठेवण्याची अट घालावी. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला फिरायला नेणाऱ्यांनी मात्र एकच प्रवेशद्वार असलेली बाग निवडावी. दोन फाटके असतील तर नजर हलताच माणूस दुसऱ्या बाजूने रस्त्यावर जाऊ शकतो.

आणि प्रसाधनगृह. प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबा, मूत्रवर्धक गोळी घेणाऱ्या आजी, यांचे फिरणे किती वेळ चालेल हे त्या एका दारावर ठरते. ते दार कुलूपबंद असते, कारण स्वच्छ ठेवायला माणूस नाही. माणूस नाही, कारण दर कमी भरला होता. वर केलेला हिशेब येथे पुन्हा भेटतो. बाग उघडी असेल तेवढा वेळ प्रसाधनगृह उघडे, पाण्यासह. बंद आढळल्यास दर दिवसामागे दंड, इतकी सरळ अट हवी. प्रसाधनगृह नाही म्हणून पुष्कळ ज्येष्ठ स्त्रिया घरून निघण्याआधी पाणीच पीत नाहीत. विदर्भाच्या उन्हाळ्यात ही सवय उष्माघाताला आमंत्रण देणारी आहे.

गवत, औषध आणि धूर

तणांमध्ये सर्वांत त्रासदायक गाजर गवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम नोंदले गेले आणि आज भंडाऱ्याच्या धानाच्या बांधांवरही ते सहज दिसते. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज, पुरळ येते. परागांमुळे दमा व शिंका वाढतात. ते फुलावर येण्यापूर्वी, पावसाच्या सुरुवातीला, हातमोजे घालून मुळासकट उपटायचे असते. फुलल्यावर यंत्राने कापले तर पराग आणि बी आणखी पसरते. ‘महिन्यातून एकदा गवत कापणे’ अशी अट पुरेशी नाही, ती यामुळे. जून-जुलैत दोन वेळा निंदणी आणि मजुरांना हातमोजे, असे नेमके लिहावे. गवत घोट्याच्या वर जाऊ न देणे ही सापांच्या दृष्टीनेही साधी खबरदारी आहे.

गवतनाशके आणि कीटकनाशके यांच्याबाबत विदर्भाने मोठी किंमत मोजली आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. बागेतील फवारणी तेवढ्या प्रमाणात नसते, पण ती करणारा माणूसही तसाच, तोंडाला रुमाल बांधलेला असतो. डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. सार्वजनिक बागेत लाल व पिवळ्या त्रिकोणाचे औषध वापरू नये, फवारणीची सूचना आदल्या दिवशी फाटकावर लावावी, फवारणी बाग बंद असताना करावी आणि वेष्टनावर लिहिलेला काळ उलटेपर्यंत लोकांना आत घेऊ नये, हे करारात यावे. ज्यांना जुनाट श्वासविकार आहे त्यांनी त्या दिवशी दुसरीकडे फिरावे.

पालापाचोळा जाळण्याची सवय तर अजून सुटलेली नाही. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी बागेतला कचरा वेगळा ठेवून त्याची विल्हेवाट लावावयास सांगितले आणि उघड्यावर जाळण्यास मनाई केली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्याच वर्षी जाळणाऱ्यास ५ हजार रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये दंड ठरवला. हिवाळ्याच्या सकाळी तो धूर जमिनीलगत राहतो आणि नेमका त्याच वेळी दमेकरी फिरायला आलेला असतो. बागेच्या कोपऱ्यात खतखड्डा खणणे कंत्राटदाराला फारसे अवघड नाही. फक्त काडेपेटी स्वस्त पडते.

पाण्याच्या बाबतीत एकच गोष्ट : कारंजे बंद पडले की ते डासांचे पाळणाघर होते. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून कारंजे, कुंड्यांखालच्या ताटल्या, पक्ष्यांची पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करावीत.

झाडांच्या फांद्यांचा प्रश्न अधिक नाजूक. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूर येथे सकाळी फिरायला निघालेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळून तिचा मृत्यू झाला. वाळलेली, पोखरलेली झाडे व फांद्या पावसापूर्वी तपासून घेतल्याच पाहिजेत. पण हे काम कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडता येत नाही. नागरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, आणि पन्नास वर्षांहून जुन्या वृक्षांना २०२१ च्या दुरुस्तीने वारसा वृक्षांचा दर्जा मिळाला आहे. सुकी फांदी काढण्याच्या निमित्ताने हिरवी फांदी सरपणाला गेलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. बुंध्याभोवती घट्ट सिमेंट ओतणे हेही झाड पडण्याचे एक कारण. मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि झाड उभ्याउभ्या कमकुवत होते.

विचारायचे कोणाला

देखभाल दत्तक देण्याचा मार्गही काही शहरांनी चाचपला. मुंबई महापालिकेने जानेवारी २०१६ मध्ये मोकळ्या जागा दत्तक देण्याचे धोरण मंजूर केले, तेव्हा सार्वजनिक जागा खासगी हातात जातील म्हणून टीका झाली आणि तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला स्थगिती दिली. माझ्या मते लहान गावात दत्तकापेक्षा कंत्राटच बरे, कारण कंत्राटाला मुदत असते आणि त्याची कागदपत्रे मागता येतात.

ती मागण्याचा रस्ता २००५ च्या माहितीच्या अधिकाराचा. दहा रुपये शुल्क, साधा मराठी अर्ज, तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही. कार्यारंभ आदेश, करारनाम्यातील अटी-शर्ती, मंजूर मनुष्यबळ, मासिक देयकांच्या प्रती आणि भविष्य निर्वाह निधीची चलने, एवढी पाच कागदपत्रे मागितली की चित्र स्पष्ट होते. या कायद्यातील एक तरतूद फारशी वापरली जात नाही : कागदांबरोबरच प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क त्यात आहे. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले लेखनिक, परिचारिका अशा चौघांनी महिन्यातून एकदा बागेत हजेरीपट आणि प्रत्यक्ष माणसे ताडून पाहिली, तर तांत्रिक लेखापरीक्षकाहून ते अधिक पाहतील. मात्र माळ्याला दटावू नये. त्याला कमी वेतन मिळत असेल तर तोही आपल्यासारखाच या व्यवस्थेत तोटा सोसणारा आहे. त्याच्याशी बोलले तर पुष्कळ गोष्टी न मागता कळतात.

फाटकावर एक फलक असावा, ही अट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रभावी. कंत्राटदाराचे नाव, पर्यवेक्षकाचा दूरध्वनी, कराराची मुदत, वार्षिक रक्कम, नेमलेल्या माणसांची संख्या आणि तक्रार कोठे करायची, एवढे मोठ्या अक्षरांत, मराठीत, चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही वाचता येईल असे. त्याखाली एक तक्रारवही. तिच्यातील नोंद पाहिल्याशिवाय महिन्याचे देयक मंजूर होऊ नये.

आता वेळेचा मुद्दा. देखभालीचे करार बहुधा आर्थिक वर्षाला बांधलेले असतात आणि ३१ मार्चला संपतात. नवी निविदा निघून, लिफाफे उघडून, कार्यारंभ आदेश निघेपर्यंत एप्रिल-मे उलटतो. म्हणजे झाडांना पाण्याची आणि माणसांना सावलीची गरज सर्वाधिक असते, नेमक्या त्या दोन महिन्यांत बागेला धनी नसतो. मागच्या वर्षी लावलेली रोपे याच काळात जळतात आणि पावसाळ्यात पुन्हा त्याच खड्ड्यात नवी रोपे लावली जातात. यावर उपाय दोन. जुन्या करारातच नवा माणूस येईपर्यंत किमान तीन महिने काम चालू ठेवण्याची अट घालावी. आणि नव्या निविदेची तयारी जानेवारीतच सुरू करावी. गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याची पद्धत आहे. बागेचा विषय १ मेच्या सभेत मांडला तर तो उन्हाळा गेलेला असतो. २६ जानेवारीच्या सभेत मांडला तर पंप, नळी आणि माणूस मार्चच्या आत ठरू शकतो. विषयपत्रिकेत नाव यावे म्हणून लेखी अर्ज त्याआधी पंधरा दिवस ग्रामपंचायतीकडे द्यावा आणि पोच घ्यावी.